परकी तणे आणि सामाईक बांध

खाडीच्या काठी शेती करणाऱ्या माणसास बांध म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पेणच्या खारपट्ट्यातील भातशेती बांधाच्याच आधारावर उभी आहे. भरतीचे खारे पाणी अडवावयाचे, ओहोटीच्या वेळी उघाडीतून आतले पावसाचे पाणी सोडावयाचे आणि जमिनीतील मीठ धुऊन निघेपर्यंत धीर धरावयाचा, असा हा व्यवहार आहे. त्याचा पहिला नियम असा की, बाहेरचा बांध कोणा एकाचा नसतो. एके ठिकाणी खांड पडली म्हणजे पाणी सातबाराचा उतारा पाहून शेतात शिरत नाही. म्हणूनच जुन्या शिलोत्री पद्धतीत बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे भाताचा निराळा वाटा काढीत असत. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने आणि १९७९ साली महाराष्ट्राने खार जमिनींसाठी कायदे केले, त्यांच्याही मुळाशी हीच जाणीव होती.

आज आम्ही ज्या विषयाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत, तो तणांचा आहे. दूरदेशाहून आलेली आणि येथे मातलेली तणे काबूत आणण्यासाठी त्यांच्याच मायदेशातील कीटक येथे आणून सोडणे, यास जैविक नियंत्रण म्हणतात. या उद्योगाचा आपल्या देशातील इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे. त्यात मोठे यश आहे, अपयश आहे, आणि निव्वळ योगायोगही आहे. या कामी साऱ्या देशाचे एक धोरण असावे, असे आज सर्वच जाणते लोक म्हणतात. ते धोरण कसे असावे, याचे उत्तर आम्हांस या इतिहासातच सापडते.

प्रथम या उद्योगामागील तत्त्व पाहू. आपल्या जन्मभूमीत कोणतीही वनस्पती एकटी नसते. तिची पाने खाणारे, खोड पोखरणारे, बी फस्त करणारे कीटक आणि तिला जडणारे रोग हजारो वर्षे तिच्याबरोबर वाढलेले असतात. तीच वनस्पती जहाजात बसून दुसऱ्या खंडात उतरली, म्हणजे हे वैरी मागे राहतात. ज्या घरात वडीलमाणूस उरले नाही, तेथील पोरासारखी तिची गत होते. तेव्हा वैऱ्यांपैकी एखादा असा शोधावयाचा, की जो याच वनस्पतीवर जगतो आणि दुसऱ्या कशास तोंड लावीत नाही. त्यास आणून सोडले म्हणजे तण समूळ नाहीसे होत नाही. मात्र त्याचा माज उतरतो आणि पुढे दोघेही थोड्या संख्येने नांदू लागतात. तत्त्व एवढेच. परंतु ‘दुसऱ्या कशास तोंड लावीत नाही’ या शब्दांत सारी जोखीम साठविली आहे, हे ध्यानी ठेवावे.

ही परकी तणे आपल्या किती अंगवळणी पडली आहेत, हे त्यांच्या नावांवरून कळते. फड्या निवडुंग अमेरिकेतला. आपल्याकडे त्रिधारी निवडुंग आधीपासून होता, त्याचेच नाव लोकांनी या काटेरी पाहुण्यास दिले. पुण्याच्या नाना पेठेत तर भोवतीच्या निवडुंगावरून ओळखला जाणारा ‘निवडुंग्या विठोबा’ आहे. शोभेसाठी बागेत लावलेले अमेरिकन झुडूप डोंगरावर पसरले, तेव्हा त्याच्या वासावरून ते घाणेरी झाले. रोह्याच्या आसपासच्या डोंगरउतारांवर ते कोणी पाहिले नाही? रान मोडून काढते ती रानमोडी. आणि रस्त्याच्या कडेचे गाजरगवत, ज्यास लोक काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी असेही म्हणतात, ते तर पन्नाशी उलटलेल्या अनेकांच्या डोळ्यांदेखत आपल्या गावात आले. ज्यास लोकभाषेने नाव दिले, ते घरचेच झाले, असे आपण समजतो. येथेच आपली फसगत होते.

आता १७९५ सालाकडे वळू. त्या काळी किरमिजी रंगास युरोपात सोन्याचे मोल होते. निवडुंगावर वाढणाऱ्या एका बारीक किड्यापासून तो निघे आणि त्याचा व्यापार स्पेनच्या हाती होता. ईस्ट इंडिया कंपनीस तो किडा हिंदुस्थानात हवा होता. त्या साली कॅप्टन नीलसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ब्राझीलमधील रिओ द जानेरो बंदरातून असे काही किडे कलकत्त्यास आणले. मोठ्या आशेने त्यांची पैदास झाली. परंतु रंग हलका निघाला. कारण आणलेला किडा खऱ्या किरमिजी किड्याचा भाऊबंद होता, तो स्वतः नव्हे! व्यापाराच्या दृष्टीने सौदा बुडाला. मात्र या चुलतभावाने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडावयास प्रारंभ केला. पुढे १८३६ ते १८३८ या काळात तो मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात नेण्यात आला आणि तेथून काही वर्षांनी सिंहलद्वीपात गेला. कीटकाच्या हातून तणाचा बंदोबस्त करण्याचे जगातील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. त्याचा जन्म चुकीच्या ओळखीतून झाला, हे विसरता कामा नये.

या किड्याने निवडुंगाची एकच जात खाल्ली. दुसऱ्या जातींनी मद्रास इलाख्यात व दख्खनमध्ये शेते, गायराने आणि गावठाणे व्यापलीच. त्यांच्यासाठी १९२६ साली उत्तर अमेरिकेतील दुसरा किडा सिंहलद्वीपातून आणण्यात आला. यावेळी ओळख बरोबर होती. पाचसहा वर्षांत दक्षिण भारतातील सुमारे ४०,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. कोयत्याने आणि आगीने जे साधले नव्हते, ते कापसाच्या बोंडासारख्या दिसणाऱ्या या पांढऱ्या किड्याने साधले. आज आपणास फड्या निवडुंग क्वचित कोठे दिसतो आणि तो कोणे एके काळी संकट होता हेही आठवत नाही. आम्हांस वाटते, यशाची खरी खूण हीच.

तथापि या यशालाही दुसरी बाजू आहे. ज्या निवडुंगास सरकार तण म्हणत होते, तोच कित्येक शेतकऱ्यांचे कुंपण होता. दुष्काळात काटे जाळून त्याचे फड गुरांना घालण्याचे प्रयोगही मुंबई इलाख्यात झाले होते. किडा सोडणारा कुंपणाचा निवडुंग आणि गायरानातला निवडुंग असा भेद करू शकत नाही. तेव्हा कोणती वनस्पती नको, हे ठरविताना तिच्यावर ज्याचे काही अवलंबून आहे, त्यास विचारावयास हवे. असे विचारणे हाही धोरणाचा एक भाग आहे.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात अशीच घटना फार मोठ्या प्रमाणावर घडली. तेथे निवडुंगाने सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर भूमी व्यापली होती. अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळीने थोड्याच वर्षांत तिच्यातील बराचसा भाग मोकळा केला. क्वीन्सलँडमधील बुनार्गा येथील कृतज्ञ रहिवाशांनी १९३६ साली त्या पतंगाच्या स्मरणार्थ सभागृह बांधले. परंतु गोष्ट येथे संपत नाही. हाच पतंग १९५७ साली वेस्ट इंडीज बेटांत सोडण्यात आला आणि १९८९ साली तो अमेरिकेतील फ्लॉरिडात आढळला. तेथे निवडुंग हा परका नव्हे, भूमिपुत्र आहे. एका देशात ज्याचे स्मारक झाले, तो दुसऱ्या देशात शत्रू ठरला. सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही, याहून स्पष्ट दाखला कोणता द्यावा?

घाणेरीची कथा यापेक्षा निराशेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. १९२१ साली हवाई बेटांतून तिच्या फळांत वाढणारी एक माशी आणण्यात आली. माशी येथे रुजली, पण घाणेरीस तिने फारसे जुमानविले नाही. मग १९४१ साली ऑस्ट्रेलियातून पाने शोषणारा एक ढेकूण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत परीक्षेसाठी आणला. बंदिस्त परीक्षेत तो सागवानाची फुले शोषतो असे आढळले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी सारी पैदास नष्ट करण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. परंतु काही ढेकूण आधीच निसटले होते! ते पुढे देशभर पसरले. सुदैवाने सागवानावर संकट आले नाही, आणि दुर्दैवाने घाणेरीवरही आले नाही. रोह्याकडील रानांत सागाची किंमत काय आहे, हे जाणणाऱ्यांनी या ‘सुदैवाने’ शब्दावर थोडे थांबावे. देशाचे धोरण सुदैवावर सोपविता येत नाही.

आता गाजरगवताकडे येऊ. याच्याविषयी एक समजूत सार्वत्रिक आहे. ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर याचे बी आले, असे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. सालांचा मेळ घालून पाहिला, तर ही समजूत डळमळते. तो कायदा १९५४ चा आणि भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. उलट पुण्यात उकिरड्यावर ही वनस्पती परांजपे यांनी १९५१ सालीच पाहिली होती, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांची तिच्याविषयीची शास्त्रीय नोंद १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकातील वाळवलेले नमुनेही पुढे अभ्यासकांच्या हाती आले. अमेरिकेच्या कर्जातून सुमारे वीस लाख टन धान्य १९५१ साली मंजूर झाले होते, हे खरे. पण त्या धान्यात हे बी होते, असे कोणी तेव्हा तपासून ठेवलेले नाही.

येथे रोहेकरांना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५० ते १९५६ या वर्षांत भारताचे अर्थमंत्री होते रोह्याचे चिंतामणराव देशमुख. अन्नटंचाईच्या त्या काळात देशाच्या तिजोरीचा भार त्यांच्या शिरावर होता आणि नियोजन आयोगाच्या कामातही त्यांचा वाटा होता. केंब्रिजला असताना त्यांनी वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले होते, हे फारसे कोणास माहीत नसते. अर्थमंत्र्याच्या आसनावर वनस्पतिशास्त्राचा पारितोषिकप्राप्त पदवीधर बसलेला असताना गाजरगवत देशात हातपाय पसरू लागले! यात देशमुखांकडे कसलाही दोष जात नाही. भुकेल्या देशाने धान्य पाहावे, की धान्यातले बी निवडावे? आम्हांस सुचवावयाचे आहे ते निराळेच. ज्ञानी माणूस योग्य जागी असणे पुरेसे नसते. आयात होणारे बी बंदरावर तपासणारी, त्याची नोंद ठेवणारी आणि ती नोंद योग्य जागी पोहोचविणारी व्यवस्था लागते. पुढे २००३ च्या वनस्पती अलग्नवास आदेशात धोक्याच्या तणांची यादी आली. गाजरगवत तोवर अर्धशतक येथे नांदले होते.

त्याच्यावरचा उपायही उद्बोधक आहे. १९८३ साली बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मेक्सिकोतून एक भुंगेरा आणला. परीक्षा करून १९८४ साली तो सोडण्यात आला. पावसाळ्यात हे भुंगेरे व त्यांच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात आणि कोरड्या दिवसांत मातीत निजून राहतात. सारे सुरळीत चालले असता १९९१-९२ च्या सुमारास ते सूर्यफुलावर दिसू लागल्याची ओरड झाली. शेतकरी धास्तावले. चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि भुंगेरे सोडण्याचे काम थांबले. संशोधनान्ती असे दिसले की, शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले म्हणजे भुंगेरे त्या वासाने फसून पाने कुरतडतात. सूर्यफुलावर त्यांचा संसार चालत नाही. आरोप दूर झाला आणि काम पुन्हा सुरू झाले. शेतकऱ्यांची भीती मूर्खपणाची नव्हती, हे आम्ही आवर्जून सांगतो. त्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले. सोडण्यापूर्वी त्यांना विश्वासात घेतले असते आणि सोडल्यानंतर गावोगाव पाहणी चालू असती, तर एवढी वर्षे वाया गेली नसती.

ओळख बरोबर असण्याचे महत्त्व केरळाने शिकविले. तेथील कुट्टनाडच्या भातशेतीत आणि कालव्यांत एक तरंगती वनस्पती पसरली. लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणत. वस्तुतः ती ब्राझीलची! शास्त्रज्ञही दीर्घकाळ तिला दुसऱ्याच जातीची समजत होते. परिणामी तिचे वैरी भलत्याच ठिकाणी शोधले गेले. १९७२ साली ती स्वतंत्र जात असल्याचे सिद्ध झाले, १९७८ साली तिची जन्मभूमी दक्षिणपूर्व ब्राझीलमध्ये सापडली आणि तेथेच तिच्यावर जगणारा एक लहानसा सोंडकिडा मिळाला. हा सोंडकिडा ऑस्ट्रेलियामार्गे भारतात आला व १९८३-८४ साली सोडण्यात आला. अवघ्या काही वर्षांत केरळातील कालवे वाहतुकीस मोकळे झाले. १७९५ साली चुकीच्या ओळखीने फायदा करून दिला. येथे तिने काही दशके खर्ची घातली. चुकीवर विसंबणाऱ्याचे दान कधी सुलटे पडते, कधी उलटे.

जलपर्णीसाठीही १९८२-८३ साली अमेरिकेतून सोंडकिडे आले. मणिपूरच्या लोकताक सरोवरात त्यांनी चांगले काम केले, पण सर्वत्र सारखा गुण आला नाही. गावाचे सांडपाणी ज्या तळ्यात वा नदीत शिरते, तेथे जलपर्णीस इतके खाद्य मिळते, की किडा जेवढे खातो त्याहून अधिक ती वाढते. अशा ठिकाणी किडा मागविण्यापूर्वी नगरपालिकेने आपले गटार पाहावे. आसाम व केरळात २००५-०६ साली एका वेलीवर तांबेरा सोडला होता, तो तग धरू शकला नाही. अशी अपयशेही लिहून ठेविली पाहिजेत, नाहीतर पुढची पिढी त्याच दारावर पुन्हा डोके आपटते.

या कामासाठी संस्था नाहीत, असे नव्हे. राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे केंद्र बंगळूरला १९५७ साली निघाले. १९७७ साली अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. १९८९ साली जबलपूरला तणांच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आले आणि १९९३ साली बंगळूरला जैविक नियंत्रणाचे संचालनालय उभे राहिले. त्यांनी केलेले काम थोर आहे. परंतु तण मात्र एकाच वेळी शेतात, रानात, रस्त्यावर आणि पाण्यात असते, आणि शेत कृषी खात्याचे, रान वनखात्याचे, रस्ता बांधकाम खात्याचे, पाणी आणखी कोणाचे. रोह्याच्या स्टेशनवर उभे राहिल्यास हे नीट दिसते. मध्य रेल्वेची हद्द तेथे संपते आणि १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेची तेथे सुरू होते. रुळांच्या खडीत उगवलेल्या गाजरगवतास ही हद्द ठाऊक नसते.

म्हणून धोरणाचा सारांश आम्ही असा मांडतो. पहिले, तणाची व कीटकाची ओळख निःसंशय झाली पाहिजे. दुसरे, परीक्षा बंदिस्त जागेत पुरी झाल्यावाचून काहीही सोडू नये, आणि सोडण्याचा निर्णय साऱ्या देशाचा असावा, कारण बंगळूरला सोडलेला भुंगेरा महाराष्ट्राची परवानगी मागत नाही. तिसरे, त्या वनस्पतीवर वा तिच्या शेजारच्या पिकावर ज्यांचे पोट आहे, त्यांना आधी विचारावे. चौथे, सोडल्यानंतर निदान वीस वर्षे त्याची पाहणी व नोंद व्हावी. पहिल्या दोन गोष्टी शास्त्रज्ञांच्या व सरकारच्या आहेत. उरलेल्या दोन मात्र पेण आणि रोह्यासारख्या गावांवाचून होणे नाही.

यात आपण काय करावे? भुंगेरे वा किडे हौसेने कोठून आणून सोडू नयेत, हे पहिले पथ्य. आपल्या शाळेच्या मुलांनी दरवर्षी त्याच त्या जागी जाऊन रानमोडी किती वाढली, गाजरगवतावर भुंगेरे दिसले की नाही, जलपर्णी कोणत्या तळ्यात नवी आली, हे तारखेनिशी वहीत लिहावे. परांजपे यांनी १९५१ साली उकिरड्यावरचे एक रोप पाहिले, हे आज आपण सांगू शकतो, ते कोणीतरी पाहिले आणि नोंदले म्हणून. त्या वेळी देशभर अशा शंभर वह्या असत्या, तर गाजरगवत अंकुरातच खुडता आले असते, असे आम्हांस वाटते.

खारपट्ट्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास बांधाची खांड दुरून कळते. पाणी अजून शिरलेले नसते, पण माती ओली दिसते, खेकड्याचे बीळ दिसते. तो घरी न जाता तेथेच मातीचा ढेकूळ दाबतो आणि मग इतरांना हाक मारतो. बांध सामाईक आहे हे त्यास ठाऊक असते, पण ढेकूळ कोणी ठेवावा, याची वाट तो पाहत बसत नाही. राष्ट्रीय धोरणाची अखेरची पायरी हीच होय, आणि ती दिल्लीत नसून आपल्या पायाखालच्या बांधावर आहे.